जुन्या हेवीवेट फायटींचा नऊ डिस्कचा सेट: सगळं दिलंत, पण स्टुलावरचं मिनिट कुठंय?

आधीच सांगून टाकतो, सेट घ्यावा का तर हो, घ्यावा. पण कशासाठी घ्यायचा ते माहीत असू दे, नाहीतर माझ्यासारखी पहिले दोन दिवस नुसती चिडचिड होईल. नऊ डिस्क आहेत आणि सगळ्यांचा विषय एकच, हेवीवेट बॉक्सर आणि त्यांच्या अटलांटिक ओलांडून झालेल्या फायटी, म्हणजे युरोपातला गडी अमेरिकेत जाऊन लढला किंवा अमेरिकेतला युरोपात. १९२१ पासून १९६६ पर्यंत. सोबत एक जाडसर पुस्तिका. खोक्यावर सगळे जिंकलेले चॅम्पियन हात वर करून उभे केलेत आणि आत खरी मजा आहे ती बरीचशी हरलेल्यांची, हे खोकं बनवणाऱ्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

आता माझं एक खूळ आहे ते सांगतो, म्हणजे पुढची कुरकुर समजेल. फायटीची कुठलीही जुनी फिल्म हातात आली की मी आधी राउंड बघत नाही, दोन राउंडच्या मधलं मिनिट बघतो. माणूस स्टुलावर कसा बसतो, धपकन की सावकाश, कॉर्नरवाले, म्हणजे कोपऱ्यात त्याला सांभाळणारी माणसं, काय धुतायत, काय चोळतायत, डोळे कुठे लागलेत. रिंगमध्ये माणूस सोंग आणू शकतो पण स्टुलावर बसला की सगळं उघडं पडतं. आणि जुन्या फायटींचे सेट काढणारे लोक नेमकं हेच कापतात, कारण त्यांना वाटतं तिथं काही घडत नाही.

पुस्तिकेत सुरुवातीला बिनाग्लोव्हच्या जमान्याची गोष्ट आहे, ती बरी लिहिलीय. १७ एप्रिल १८६० ला फार्नबरोला इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन दोन तासांवर लढले, सेयर्सचा उजवा हात लवकरच निकामी झाला, तो एका हातावर रेटत राहिला, शेवटी पोलीस आणि गर्दी आत घुसली आणि सगळा बट्ट्याबोळ होऊन सामना बरोबरीत सुटला. मग १८८८ मध्ये फ्रान्सात शांतिली इथे, रॉथशील्डच्या इस्टेटीत, भर पावसात चिखलात जॉन एल. सलिव्हन आणि इंग्लंडचा चार्ली मिचेल, ३९ राउंड, तीही बरोबरी. त्या नियमांत माणूस पडला की राउंड संपायचा आणि विश्रांती मिळायची फक्त अर्धं मिनिट! तीन मिनिटांचा राउंड आणि मधे पूर्ण एक मिनिट हे क्वीन्सबेरी नियमांनी आणलं. पुस्तिकेनं ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट एका ओळीत उरकलीय, मला विचाराल तर अख्खं पान द्यायला हवं होतं.

पहिली डिस्क अमेरिकेचा चॅम्पियन जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा कार्पेंतिए. २ जुलै १९२१, जर्सी सिटी, प्रमोटर टेक्स रिकर्डनं खास या फायटीसाठी लाकडी स्टेडियम उभं केलं, ऐंशी हजाराच्या आसपास माणूस आलं आणि दहा लाख डॉलरच्या वर गल्ला जमवणारी ही पहिली फाइट. जॉर्ज कार्पेंतिए म्हणजे फ्रेंचांचा लाडका, महायुद्धात शौर्यपदक मिळवलेला, देखणा, खरं तर लाइट हेवीवेटचा चॅम्पियन, वजन १७२ पौंड. समोर डेम्प्सी १८८ पौंडांचा, त्याच्यावर युद्ध टाळल्याचा शिक्का, त्यामुळे घरच्या मैदानावर निम्मी गर्दी पाहुण्याच्या बाजूनं. इथे सेटवाल्यांना पैकीच्या पैकी मार्क, कारण मूकपटाच्या काळातली फिल्म आजच्या वेगानं लावली की माणसं टुणटुण पळतात, दोघं मारामारी करतायत की कोंबड्या पकडतायत कळत नाही, यांनी तो वेग खाली आणून नीट केलाय आणि एकदम डेम्प्सीला वजन आलंय, त्याचं खाली वाकून आत शिरणं पहिल्यांदा नीट दिसलं मला. दुसऱ्या राउंडमध्ये कार्पेंतिएचा उजवा बसतो, चांगला बसतो, आणि त्यातच त्याचा अंगठा मोडतो. म्हणजे पुढचं मिनिट महत्त्वाचं की नाही? हात मोडलेला माणूस स्टुलावर बसलाय, समोर डेम्प्सी. कापलं! थेट तिसरा राउंड. चौथ्यात खेळ खलास.

चित्र मधेमधे फारच मळकट आहे पण त्याचा दोष यांना देत नाही. कृष्णवर्णीय चॅम्पियन जॅक जॉन्सननं १९१० मध्ये गोऱ्या जेफ्रीजला लोळवल्यावर अमेरिकेत जी बोंबाबोंब झाली त्यातून १९१२ मध्ये कायदा झाला, फायटीच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी, आणि ती १९४० पर्यंत चालली. म्हणजे डेम्प्सी, जॅक शार्की, जो लुईच्या पहिल्या काही फायटी, सगळ्या बंदीच्या काळातल्या, असल्या माहोलात प्रिंट कोण नीट जपणार. हे पुस्तिकेत नाहीच! कार्पेंतिएचंच आणखी एक राहिलंय, जॅक जॉन्सन जेव्हा २७ जून १९१४ ला पॅरिसमध्ये फ्रँक मोरानशी २० राउंड लढला, पहिलं महायुद्ध पेटवणाऱ्या साराएव्होच्या गोळीबाराच्या आदल्या दिवशी, तेव्हा रिंगमध्ये रेफ्री हाच कार्पेंतिए होता. सेट १९२१ पासून सुरू केल्यामुळे ते गेलं.

दुसरी डिस्क कार्नेराची, तिच्यावर फार बोलत नाही. इटलीचा प्रिमो कार्नेरा, साडेसहा फुटाच्या घरातला धिप्पाड देह, १९३३ मध्ये अमेरिकेच्या शार्कीला सहाव्या राउंडमध्ये पाडून चॅम्पियन झाला आणि पुढच्याच वर्षी मॅक्स बेअरनं त्याला इतक्या वेळा खाली बसवलं की बघवत नाही. त्याच्यामागे गुंडांची टोळी होती, आधीच्या बऱ्याच फायटींवर संशय, बघताना सारखं वाटत राहतं की या बिचाऱ्याला तरी कुणी खरं सांगितलं होतं का.

तिसरी डिस्क मात्र सोनं आहे. जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. १९३० मध्ये तो जॅक शार्कीच्या कमरेखालच्या फटक्यावर, खाली पडलेल्या अवस्थेत चॅम्पियन झाला, फाउलवर हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळालेला तो एकटाच. मग १९३६ ची अमेरिकेच्या जो लुईशी फाइट. जो लुई तेव्हा हरतो हे कुणाला माहीतच नव्हतं. श्मेलिंगनं त्याच्या फायटीच्या फिल्म पुन्हापुन्हा बघितल्या आणि त्याला दिसलं की जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकल्यावर लुईचा डावा हात खाली राहतो. बस! एवढ्यावर त्यानं १९ जूनला चौथ्या राउंडमध्ये लुईला खाली बसवला आणि बाराव्यात संपवला. म्हणजे फिल्म बघून बघून फाइट जिंकलेला माणूस, तो आपण फिल्मवर बघतोय. मी तिसरा राउंड चार वेळा लावला, ते हात खाली राहणं दिसतं हो, एकदा कळलं की दुसरं काही दिसतच नाही. आणि इथे मधली मिनिटं ठेवलीत! लुई एकेका राउंडनंतर कसा खचत जातो ते कॉर्नरमध्येच जास्त दिसतं. श्मेलिंग जहाजानं आला होता, परत गेला जर्मन एअरशिप हिंडेनबर्गमधून.

२२ जून १९३८ ची परतफेड त्याच डिस्कवर आहे, तिथे माझ्या खुळाचा काही उपयोग नाही कारण दोन मिनिटं चार सेकंदांत सगळं आटोपलं, मधलं मिनिट आलंच नाही. श्मेलिंगच्या मणक्याला इजा झाली. तो हिटलरचा माणूस म्हणून त्याच्यावर अमेरिकेत थुंकायचं बाकी ठेवलं होतं, पण त्यानं मॅनेजर म्हणून न्यूयॉर्कचा ज्यू जो जेकब्सच ठेवला, सोड म्हणून दबाव आला तरी, आणि त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये दोन ज्यू पोरं लपवून ठेवली. पुढे लुई आणि तो मित्र झाले. हे पुस्तिकेत व्यवस्थित दिलंय, त्यासाठी धन्यवाद.

पण एकच डिस्क ठेवायची म्हटलं तर मी चौथी ठेवेन, टॉमी फार. वेल्सच्या खाणीत पोरवयात कामाला लागलेला गडी, ३० ऑगस्ट १९३७ ला यांकी स्टेडियमवर नव्या चॅम्पियन लुईसमोर उभा राहिला आणि १५ च्या १५ राउंड उभाच राहिला. वेल्समध्ये लोक मध्यरात्र उलटून गेली तरी रेडिओला कान लावून बसले होते. निर्णय लुईच्या बाजूनं, तो योग्यच होता असं आता बघताना वाटतं, पण गर्दीनं हुर्यो उडवली. आणि इथे सेटवाल्यांनी काय केलंय माहितीये, १५ राउंडच्या मधली १४ च्या १४ मिनिटं ठेवलीत! पूर्ण तासाची फाइट. टॉमीचा चेहरा दर मिनिटाला थोडा थोडा बिघडत जातो आणि घंटा झाली की तो उठतो, ही एवढीच गोष्ट आहे आणि मी ती रात्री दीडपर्यंत बघत बसलो.

इंग्लंडचा डॉन कॉकेल आणि अमेरिकेचा चॅम्पियन मार्सियानो, १९५५, सॅन फ्रान्सिस्को. ही बघताना हात शिवशिवतात. रिंग लहान, मार्सियानो डोक्यानं ढुशी देतोय, घंटेनंतर मारतोय, आणि रेफ्री बघतोय. इंग्लंडच्या पेपरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. तरीही कॉकेल नवव्या राउंडपर्यंत टिकला.

स्वीडनचा इंगेमार योहान्सन दोन डिस्क खातो. १९५२ च्या ऑलिंपिक फायनलमध्ये लढतच नाही म्हणून बाद केलेला, त्याचं रौप्यपदकही अडकवून ठेवलं होतं, ते १९८२ मध्ये दिलं. २६ जून १९५९ ला अमेरिकेच्या चॅम्पियन फ्लॉइड पॅटरसनसमोर पहिले दोन राउंड तो नुसता डाव्यानं टुकटुक करत बसतो, उजवा हात जणू घरी ठेवून आलाय, आणि तिसऱ्यात तो उजवा बाहेर येतो. पॅटरसन सात वेळा खाली! पहिल्यांदा उठल्यावर बिचारा पाठ फिरवून चालायलाच लागला होता. वर्षभरानं पॅटरसननं डाव्या हूकवर, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशावर, परतफेड केली, योहान्सन आडवा, पाय थडथडतोय, आणि हेवीवेटची गेलेली गादी परत मिळवणारा पॅटरसन पहिलाच. जिंकून झाल्यावर तोच घाबरून त्याच्यापाशी गुडघ्यावर बसलाय, हा भाग कापला नाही, चांगलं केलं.

आणि आता खरी तक्रार. १८ जून १९६३, वेम्बली, इंग्लंडचा हेन्री कूपर विरुद्ध कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली. चौथ्या राउंडच्या शेवटी कूपरचा डावा हूक, क्ले दोरांवरून घसरत खाली, उठतो तोच घंटा. त्यानंतरचं मिनिट हे बॉक्सिंगमधलं सगळ्यात जास्त वाद झालेलं मिनिट असेल, क्लेचा ट्रेनर अँजेलो डंडीनं फाटका ग्लोव्ह रेफ्रीला दाखवला, वेळ काढला, पोराला शुद्धीवर आणलं, पाचव्यात कूपरच्या डोळ्यावरची जखम फाटून रक्ताचा पाट आणि फाइट संपली. आणि आठव्या डिस्कवर काय आहे? हूक, घंटा, पाचवा राउंड! मी रिमोट फेकायचा बाकी होतो. मग सहज नवव्या डिस्कचा जादाचा भाग चाळत होतो तर तिथे, नाव नाही गाव नाही, ते अख्खं मिनिट पडलंय. घड्याळ लावून मोजलं, ठरलेल्या मिनिटाच्या वर जेमतेम पाचसहा सेकंद. दोनतीन मिनिटं मिळाली वगैरे जे सांगतात ते सगळं फुगवलेलं. एवढं घबाड हातात असून तळाशी पुरून ठेवायचं, काय म्हणायचं याला.

बाकी छोटं. मूक फिल्मवर मागून गर्दीचा आवाज आणि नवी कॉमेंट्री चिकटवलीय, ती असह्य आहे, सेटिंगमध्ये खोल आत बंद करायची सोय आहे, ती आधी शोधा. शेवटच्या डिस्कवर १९६६ ची फ्रँकफर्टची अली-मिल्डेनबर्गर आहे, डावखुरा जर्मन, बाराव्या राउंडपर्यंत पुरून उरला, आणि ही फाइट रंगीत आहे, आठ डिस्क काळंपांढरं बघून एकदम लाल रक्त दिसलं की दचकायला होतं. मधली मिनिटं यातही कापलीत.