टायरो देवनागरी मराठी: सात महिने वाचल्यावर

परवा सर्व्हिस सेंटरवाल्याने माझा ई-रीडर 'रीसेट मारून' परत दिला आणि त्यात मी टाकलेले फॉन्ट गेले, सात महिने वाचत होतो तो टायरोही. परतीच्या लोकलमध्ये पुस्तक उघडलं तर तोच जुना सपाट फॉन्ट, सगळ्या रेषा एका जाडीच्या, स्केचपेनने काढल्यासारख्या. दादरला बसलो, घाटकोपर यायच्या आत डोळे चोळायला लागलो.

टायरो हा देवनागरी फॉन्ट फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर मी तो तेवढ्यासाठीच उतरवून घेतला होता. इंग्रजीत लांब वाचनाला सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा, हव्यात म्हणतात. आपल्या अक्षरांना सेरिफ नाही, ते काम बोरूच्या कापाने आलेली जाड-बारीक रेघ करते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे आणि इतर जुन्या फाउंड्र्यांचे (अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यांचे) छपाईचे खिळे समोर ठेवून हा फॉन्ट घडवलाय. बाबांच्या कपाटातली पुस्तकं ज्याने वाचलीत त्याला पहिल्या पानावरच ओळख पटेल.

तरी पहिले दोन महिने मी याला शिव्याच घातल्या. कारण 'ल'. मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' नाही, हिंदी वळणाचा दंडाचा. हसू नका, मराठी कादंबरी भूतकाळात चालते. आला, गेला, म्हणाली, बसले, निघालो. वाक्य संपलं की 'ल', पानभर तेच, आणि दर वेळी हिंदी पाठ्यपुस्तकातला पाहुणा दारात उभा! चूक माझीच निघाली. याचे हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगवेगळे फॉन्ट आहेत आणि घाईत मी हिंदीवाला घेतला होता. मराठीवाला टाकला त्या रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो.

बारीक रेघा पुसट दिसतात, असंही मी मित्रांना छातीठोक सांगून बसलो होतो. तेही मागे घेतो. पानं कमी उलटावी लागावीत म्हणून अक्षर बारीक ठेवायचा माझा कंजूषपणा नडला. दोन घरं मोठं केलं, ओळींतलं अंतर वाढवलं, रफार-उकारांची धक्काबुक्की थांबली.

एक खोट मात्र खरी आहे: बोल्ड नाही. साधा आणि तिरका, एवढेच दोन. प्रकरणाचं नाव आलं की रीडर स्वतःच अक्षर फुगवतो, मग 'क्ष'चं पोट बुजतं आणि 'ष'ची रेघ दिसेनाशी होते. शीर्षकांना मी आता मुक्ता नावाचा दुसरा फॉन्ट लावतो. जोडी काही जमत नाही, पण शीर्षक काय, दोन सेकंदांचं काम.

सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणतो, "सर, मराठी दिसतंय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?" वर चार्जिंगची वायर बदलल्याचे १८० रुपये. जुनी वायर मागितली, दिली नाही. फॉन्ट पुन्हा टाकलाय. या वेळी आधी 'ल' बघितला.