स्टेशनवरचं शौचालय, आठ महिने वापरून (बरंचसं खुंटीबद्दल)

सगळ्यात आधी सांगते: दाराच्या आतल्या बाजूला खुंटी नाही. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

स्टेशनवरचा संडास हा काय लिहिण्याचा विषय आहे असं ज्यांना वाटतंय त्यांनी एकदा रक्तदाबाची गोळी बदलून बघावी. माझी जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलली. नव्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध आहे, म्हणून ती सकाळीच घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीचे दोन-तीन तास जरा जावं लागेल, बाकी काही नाही." त्या दोन-तीन तासांतला पहिला तास मी डोंबिवलीहून निघालेल्या फास्ट लोकलमध्ये, दोन बायकांच्या मध्ये चिणलेली असते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

लोकलमध्ये संडास नसतो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती ३४ किलोमीटर. तेवढं माणूस धरून ठेवतं. आता लोकल कसाऱ्यापर्यंत जाते, १२० किलोमीटर, अडीच तास. तिकडच्या बायका काय करतात ते त्याच जाणोत. आमची डोंबिवलीकरांची पद्धत सांगते: सकाळी अर्धा कप चहा, पाणी अजिबात नाही, ऑफिसात टेकल्यावर घोटभर. आमच्या ग्रुपमधल्या दोघींना मुतखडा झालाय आणि एकीला दर उन्हाळ्यात जळजळ होते. आम्ही त्याला "प्रवास सोसत नाही" म्हणतो. २८ वर्षं पास काढतेय, पण गोळी बदलेपर्यंत स्टेशनवरच्या संडासाची पायरी कधी चढले नव्हते.

कुठलं स्टेशन ते लिहीत नाही. मध्य रेल्वेवरचं, गर्दीचं, रोज जाणारीला वर्णनावरून कळेल. नाव घेतलं तर ठेकेदाराचं काही बिघडणार नाही, बिघडेल ते संध्याकाळी टेबलावर बसणाऱ्या मावशींचं.

तर जून. नाक दाबून आत गेले आणि चक्क फसले. पांढऱ्या टाइल्स, फरशी ओली पण घाण नाही, नळाला पाणी, फिनेलचा वास. चार दारं, तीन देशी आणि एक कमोड. कमोडला झाकण नाही, फ्लश मात्र चालतो. कडी नीट लागते. बेसिनवर आरसा आणि पातळ गुलाबी साबणाची बाटलीसुद्धा. पाच रुपये टेबलावर ठेवले तेव्हा देताना हात जड झाला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल. रात्री जाऊबाईंना फोन करून सांगितलं की आपण उगाच एवढी वर्षं किडन्या सुकवल्या. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

जुलैत पाऊस लागला आणि खुंटीचं लक्षात आलं.

चित्र डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर पिशवी: डबा, बाटली (आता पाणी प्यायला लागले होते), पाकीट, चष्म्याचं घर, ऑफिसची फाइल. हातात मिटलेली, गळणारी छत्री. फरशी ओली, त्यामुळे खाली काही ठेवायची सोय नाही. म्हणून पिशवीचे बंद गळ्यात, छत्री काखेत, ओढणीची टोकं दातांत, एका हातात सलवारची नाडी, दुसरा हात भिंतीला. भिंतीला हात लावायचा नसतो, पण पडायचंही नसतं. आणि बसताना गळ्यातली पिशवी अशी पुढे येते की डबा थेट हनुवटीला लागतो. अशा अवस्थेत ह्यांचा फोन आला. कुर्त्याच्या खिशात मोबाइल थरथरला, मी दचकले, आणि मोबाइल पालथा, पाण्यात. "दूध संपलंय का," एवढंच विचारायचं होतं.

स्क्रीन बदलायला १,८०० रुपये लागले. आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे स्टीलची खुंटी २० रुपयांना मिळते, स्क्रूसकट. म्हणजे माझ्या एका स्क्रीनमध्ये ९० खुंट्या आल्या असत्या. दारं चार आहेत.

मग मी पिशवी कडीला अडकवून पाहिली. करू नका. डब्याच्या वजनाने कडीचा दांडा हळूहळू खाली वळतो, मग बाहेरच्या बाईने जरा दार ढकललं की सरकतो. तिने ढकललं. ती "सॉरी सॉरी" म्हणाली, मी दातांत ओढणी असल्यामुळे काहीच म्हणू शकले नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "पिशवी बाहेर कोणाकडे तरी द्यायची ना." पुरुषांच्या बाजूला काम उभ्याने, पिशवी खांद्यावरच. खुंटी लागते हे ज्याला कधी कळलंच नाही, त्यानेच हे दार बसवलं असणार.

ऑगस्टात पैशांवरून भांडण झालं. सकाळी टेबलावर एक पोरगा असतो. त्याच्या डोक्यावरच बोर्ड: शौचालय ५ रुपये, स्नान १० रुपये, मूत्रालय निःशुल्क. दोन महिने मी तो वाचला नव्हता, कारण त्या वेळी मला वाचायची उसंत नसते. त्या दिवशी रांग होती म्हणून वाचला आणि मनातल्या मनात हिशोब केला. सकाळचे पाच, परत निघताना खबरदारीचे पाच, महिन्याचे २५ दिवस. अडीचशे! दोन महिन्यांचे पाचशे गेलेसुद्धा. पलीकडच्या दारातून पुरुष फुकट ये-जा करत होते.

"पाँच रुपया, मॅडम."

"बोर्ड वाच."

"वो जेंट्स का है. लेडीज में अंदर सब टॉयलेट ही है, यूरिनल है ही नहीं."

"ती काय माझी चूक?"

"तो हमको कैसे मालूम पडेगा आप..." आणि पुढे बोलायची त्यालाच लाज वाटली.

खरी मेख इथे आहे. बाईला फुकट जायचं तर आपण कशासाठी चाललोय ते चारचौघांत सांगावं लागतं. त्यापेक्षा ती पाच रुपये देते. मीही दिले असते, पण पाचशेचा आकडा ताजा होता. मी स्टेशनवरच्या अनाउन्समेंटच्या आवाजात म्हटलं, "लघवी!" फलाटावरचा एक माणूस वळून बघायला लागला. माझ्या मागे नर्सच्या कपड्यांतली मुलगी होती, ती म्हणाली, "मी पण." तिच्या मागची म्हणाली, "मी पण तेच." पोराने हात जोडले.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम चालू आहे. तिची मागणी हीच की पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का. पहिल्यांदा पेपरात ते नाव वाचलं तेव्हा आम्ही अख्खा डबा हसलो होतो. मीही. असो.

पुढचा महिना सव्वा महिना मी विजयी मुद्रेने फुकट गेले. गणपतीत साबणाची बाटली गायब झाली. वाटलं, गर्दीत कोणी उचलली असेल. दसरा आला तरी नाही. मावशींना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या लघवीने गेला साबण, ताई."

प्रकार असा. साबण, फिनेल, झाडू, सगळं ठेकेदार गल्ल्यातून भागवतो. पैसे घेऊन शौचालय चालवायची ही पद्धत बिंदेश्वर पाठकांच्या सुलभने १९७० च्या दशकात बिहारमध्ये रुजवली, इतकी की आपल्याकडे कुठल्याही संडासाला सुलभच म्हणतात (आमचा ठेकेदार त्यांच्यातला नाही, वेगळा आहे). पद्धत साधी आहे: जो वापरेल त्याच्या पैशातून सफाई. पण पुरुषांची मुतारीही धुवावी लागतेच, तिचं फिनेल कोणाच्या पाच रुपयांतून येतं? बायकांच्या. आणि गल्ला कमी झाला की पहिली कात्री कशाला? बायकांच्या साबणाला. मी नियमाने बरोबर होते आणि हात मात्र कागदी साबणाने धूत होते, जो मला १० रुपयांना विकत घ्यावा लागत होता.

म्हणून इथे माझं मत बदललं, पण अर्धंच. सकाळी पोराला पैसे देत नाही. संध्याकाळी मावशींना पाच देते. सकाळी हक्क, संध्याकाळी साबण. बाटली परत आली आहे. निम्मं पाणी आहे, पण फेस येतो.

बाकी गोष्टी पटकन सांगते. चौथं दार सप्टेंबरपासून कुलूपबंद आहे, आत झाडू आणि खोकी ठेवतात. संध्याकाळी एक ट्यूब मिचमिचते. पॅड टाकायला कचरापेटी एकच होती, तीही बाहेर बेसिनखाली, म्हणजे मुली ते हातात घेऊन रांगेतून जायच्या. हे खरं तर खुंटीपेक्षा मोठं आहे, मला कळतं. त्याचीही तक्रार केली, पेटी आली. झाकण असलेली. त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही.

खुंटीची तक्रार मात्र तीनदा केली. पहिल्यांदा वहीत. वही देणाऱ्याने मी लिहिलेलं वाचून विचारलं, "खुंटी म्हणजे नक्की काय प्रॉब्लेम आहे?" दुसऱ्यांदा चित्र काढून. तिसऱ्यांदा ठेकेदाराच्या सुपरवायझरला गाठलं. तो म्हणाला, लावतो पण चोरीला जातात. मी म्हटलं, अहो, दोन स्क्रूने बसवलेली खुंटी काढायला बाई पिशवीत स्क्रूड्रायव्हर घेऊन येते का? २०२३ च्या डिसेंबरात दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे बदलून ८ ते १४ झाले. एवढ्या मोठ्या स्टेशनातले सात फलाट नवे नंबर घेतात, आख्खी मुंबई ते पाठ करते, आणि इथे तीन दारांना तीन खुंट्या!

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, आल्या. तिन्ही दारांवर. मला इतका आनंद झाला की काम नसताना दोनदा आत जाऊन आले. जवळून पाहिलं तर प्लास्टिकच्या, मागे गोंदाची पट्टी असलेल्या, रुमाल अडकवायच्या. ओल्या दारावर चिकटवलेल्या. मी पिशवी हळूच लावली, मनात तीनपर्यंत मोजलं, दोनवर खाली. चौथ्या दिवशी तिन्ही दारांवर गोंदाचे फक्त चौकोनी डाग उरले. ते अजून आहेत.

उत्तर माझ्या डोक्यावर लटकत होतं हो. आमच्या डब्यात निम्म्या बायका एस आकाराचा हुक बाळगतात. वरच्या रॅकच्या पट्टीला अडकवायचा, त्यात पिशवी. टिकल्या-क्लिपा विकणारी १० रुपयांना देते. डिसेंबरात एक घेतला आणि दाराच्या वरच्या कडेला अडकवून पाहिला. बसला! पिशवी, छत्री, ओढणी, सगळं वर, दोन्ही हात मोकळे. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी तिथे माणसासारखी बसले.

तिसऱ्याच दिवशी तो आत विसरून आले. दहा रुपये गेले म्हणून रात्रभर चुटपूट. दुसऱ्या दिवशी बघते तर मावशींच्या टेबलावर, सुट्ट्या पैशांच्या वाटीशेजारी. हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "आत गेल्यात त्या बाई येऊ द्या, त्यांच्यानंतर ही घेऊन जाणार आहे." माझ्यापुढे एक पोर कडेवर घेतलेली बाई हुकासाठी थांबली होती. माझा हुक दिवसभर पाळीवर चालला होता! हे बरोबर नाही असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते पोर माझ्याकडे बघून हसलं आणि माझी पंचाईत झाली. नवा घेतला. तोही आठवड्याभरात टेबलावर गेला, यात मात्र माझा हात आहे.

संक्रांतीनंतर आमच्या डब्यात हळदीकुंकू असतं. मुलुंड ते घाटकोपरच्या मध्ये कुंकू, तिळगूळ आणि वाण उरकायचं. दरवर्षी तेच: गाळणी, कंगवे, प्लास्टिकचे डबे. यंदा मी सगळ्यांना एस हुक दिले. २२ नग. काहींनी कुजबुज केली की हिने वाणातही पैसे वाचवले. वाचवलेच. पण सोबत कशासाठी ते सांगितलं, आणि मग ज्या बायकांनी आजवर स्टेशनवरच्या संडासात पाऊल ठेवलं नव्हतं त्यांच्यातल्या पाच-सहाजणी मला वाटेत विचारायला लागल्या, "कुठल्या पुलाखाली गं नक्की?"

मावशींना दोन वेगळे दिले. पहिल्या दोन दारांवर ते आता कायमचे आहेत, तारेने बांधून. तिसरं कमोडचं दार. त्याची वरची पट्टी जाड आहे, साधा हुक तिच्यावर बसत नाही. मोठ्या तोंडाचा लागेल. लोहार चाळीत विचारून आले. आहे त्याच्याकडे, ३५ रुपयांना, पण डझनाखाली देत नाही म्हणाला. मला एकच हवाय. अकराजणी जमत असतील तर सांगा.