नेरुळच्या घरासाठी घेतलेला फोल्डिंग रॅम्प : चार महिन्यांनंतर

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि व्हीलचेअर घरी आली तेव्हा कळलं की नेरुळच्या आमच्या रो हाऊसच्या दारातल्या पायरीवरून तिला बाहेर काढायला दरवेळी दोन माणसं लागणार. दोघांनी खुर्ची उचलायची आणि तिने भीतीने डोळे मिटून घ्यायचे. हे बघवत नव्हतं.

आधी घाईघाईत एका दुकानातून 3 फुटी रॅम्प आणला, दुकानदार म्हणाला सगळे हाच नेतात. पायरी किती उंच आहे हे त्याने विचारलं नाही आणि मीही मोजलं नव्हतं. घरी लावला तर चढ इतका उभा की मला एकटीला खुर्ची ढकलेना, उतरताना खाली फूटरेस्ट फरशीला घासायचा. परत घ्यायला त्याने सरळ नकार दिला, त्याचा राग अजून आहे.

मग नीट मोजमाप केलं. पायरी साडेचार इंच, पण वर दीड इंचाचा ग्रॅनाइटचा उंबरा आहे, म्हणजे उंची धरायची ती उंबऱ्याच्या माथ्यापर्यंत, पूर्ण 6 इंच. सरकारी नियमावलीत चढ 1:12 सांगितलाय, म्हणजे 1 इंच उंचीला 12 इंच लांबी, 6 इंचाला 6 फूट. शिवाय खाली खुर्ची वळवायला 5 फूट मोकळी जागा हवी. आमच्या दारापासून गेट 11 फुटांवर आहे, बरोब्बर बसलं.

सिमेंटचाच करून घेऊ असं भाऊ म्हणत होता, पण मिस्त्रीनेच दाखवलं की सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, पक्का उतार केला तर ते त्याला अडकणार. उंबरा फोडायला आई तयारच नव्हती, रोज हळदकुंकू वाहते ती त्याला, आणि मलाही ते पटलं नसतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा 6 फुटी फोल्डिंग घेतला, साडेअठरा हजार. आधी दार उघडायचं, मग रॅम्प टाकायचा.

चार महिने रोज वापरतेय. दोन्ही बाजूंना उभे काठ आहेत त्यामुळे चाक घसरून बाहेर जात नाही, आणि मी एकटी आईला चढवू शकते हे सगळ्यात महत्त्वाचं. उतरवताना मात्र खुर्ची उलटी करून, आपण खाली राहून हळूहळू मागे यायचं, सरळ तोंडाने नाही. वजन जवळजवळ 14 किलो, माझ्या कंबरेला जाणवतं. पावसात खरखरीत पृष्ठभागात चिखल भरला की पकड कमी होते, ब्रशने घासावं लागतं. दुपारच्या उन्हात धातू चटका देतो, फडकं जवळ ठेवा.

आतल्या बाजूला उंबऱ्यावरून उतरायला रबराची दीड इंची पाचर वेगळी घेतली. पहिला आठवडा वास होता, नंतर गेला. ती विसरू नका, नाहीतर रॅम्प चढून आल्यावर आत धाडकन आदळते खुर्ची.

मागच्या रविवारी ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत तळ्याकाठी नेलं तिला, तासभर बसलो. घरी आल्यावर म्हणाली उद्या परत जाऊया.

तो 3 फुटी रॅम्प तसाच पडून आहे. कुणाच्या दाराला 3 इंचापर्यंतची पायरी असेल तर सांगा, पैसे नकोत, फक्त आधी उंबऱ्यासकट मोजून घ्या.