ऋषिकेशच्या तीन खोल्या आणि २४,४०० रुपये

आंब्याच्या हिशेबपट्टीत दहा रुपयांचा फरक आला, तरी वाशीच्या दलालाला जाब विचारणारा मी, ऋषिकेशच्या तीन खोल्यांसाठी २४,४०० रुपये घालवून बसलो आहे, हे लिहितानाही लाज वाटते. गंगेच्या पलीकडच्या तीरावर, स्वर्गाश्रम भागातल्या एका आश्रमाच्या नावाखाली इंटरनेटवरील नकाशात मोबाईल क्रमांक मिळाला. (असा क्रमांक घेऊच नये, तिथे कोणीही बदल सुचवू शकतो.) चार रात्रींचे १४,४०० रुपये ठरले आणि निम्मे, म्हणजे ७,२००, मी त्याच दिवशी भरले. परत मिळणारी अनामत म्हणून दुसऱ्या दिवशी ५,००० दिले. तिसऱ्या दिवशी फोनवरच्या माणसाने अठरा टक्के जीएसटी मागितला, तेव्हा मात्र मी आरक्षण रद्द करायला सांगितले. त्याने वाद न घालता परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवला. पुढचे सांगायला नको. पैसे घेताना पिन लागत नाही, हे वाडीतल्या चार जणांना मीच बजावले होते. तरीही तो घातला आणि आणखी १२,२०० रुपये गेले.

खरे तर पहिल्याच फोनवर तो उघडा पडला होता. आईचे गुडघे दुखतात, चालावे किती लागेल, असे मी विचारले, तर तो म्हणाला की माताजींना एक पाऊलही चालावे लागणार नाही, रिक्षा लक्ष्मणझुल्यावरून थेट फाटकात येते. लक्ष्मणझुला हा पायी जाण्याचा पूल, आणि तोही २०१९ च्या जुलैमध्ये धोकादायक म्हणून बंद केलेला. हे मला ठाऊक होते! त्या माणसाने ऋषिकेश पाहिलेलेच नव्हते. मी मात्र मनाशी म्हटले, नवा पूल झाला असेल आणि नाव जुनेच चालत असेल. पैसे भरताना पडद्यावर न्यासाऐवजी कुणा बाईचे नाव आले, तेव्हाही व्यवस्थापकाच्या पत्नीचे खाते असेल, अशी समजूत माझी मीच काढली. दिवाळीची गर्दी, रत्नागिरीहून काढलेली सहा तिकिटे आणि रोज विचारणारी आई, अशा स्थितीत माणूस किती शंका घेणार?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक सव्वा तासाने लागला. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. तुम्ही पहिल्या मिनिटापासून फोन लावत राहा. बँकेत ऐकवले की पिन तुम्हीच घातलात. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात सांगितले की प्रकरण तिकडचे आहे. तिकडे फोन केला, तर ऋषिकेश शहर डेहराडून जिल्ह्यात आणि नदीपलीकडचा स्वर्गाश्रम पौडी गढवालमध्ये, त्यामुळे हद्द आमची नाही, हे भूगोलाचे ज्ञान मिळाले. वर, राहता तिथेच तक्रार द्या, हा सल्ला. हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, असे मी पुन्हा तालुक्याला जाऊन म्हणालो, तेव्हा मला बाकावर बसवले गेले, ते अकरापासून चारपर्यंत. आणि चार वाजता, साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या, असे उत्तर मिळाले. सोमवारी साहेब होते, अर्ज घेणारा नव्हता.

केदारनाथला जाणाऱ्यांनी हेलिकॉप्टरचे तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळाखेरीज कोणाकडूनही घेऊ नये. त्या तिकिटांच्या नावाखालीही अशीच माणसे बसलेली आहेत.

गाडीची तिकिटे मी रद्द केलेली नाहीत. निम्मा खर्च दादाचा आहे. त्याला मी अजून १२,२०० एवढाच आकडा सांगितला आहे.