आमच्या नावावर छापलेली खोटी आठ पानं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दादा आणि मी मिळून एक छोटं युनिट चालवतो. आमचं काम कॉम्प्रेस्ड एअरचं, म्हणजे मशिनी चालवणाऱ्या दाबाखालच्या हवेचं. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हवेची लाइन कुठे गळते ते शोधायचं, पाइपिंग बदलून द्यायचं, कॉम्प्रेसरचं प्रेशर गरजेपुरतं खाली आणून द्यायचं. पाणी गळलं तर ओल दिसते, तेल गळलं तर डाग पडतो. हवेची गळती दिसत नाही, तिला वास नसतो, आणि मोल्डिंग मशीन, ग्राइंडर, शॉट ब्लास्ट चालू असताना तिचा आवाजही ऐकू येत नाही. देखभाल नीट नसेल तर कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा अशी वाया जाऊ शकते. प्रेशर १ बारने (बार हे दाबाचं माप) उतरवलं तर कॉम्प्रेसरच्या विजेत साधारण ६ ते १० टक्के फरक पडतो.

मालकांना हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून दादा गेली अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी, सगळ्या मशिनी बंद असताना, नुसता कॉम्प्रेसर चालू ठेवून रीडिंग घेतो. किती मिनिटं लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि किती मिनिटं अनलोडवर, म्हणजे नुसता फिरत. हवा वापरणारं कोणीच नसताना कॉम्प्रेसर लोड घेत असेल तर ती सगळी गळती. अशा रीडिंगच्या चौदा वह्या आमच्या कपाटात आहेत. या वह्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

मागच्या वर्षी एका मार्केटिंग एजन्सीचा फोन आला. बोलणारा मुलगा नम्र होता, त्याने आमचं काम समजून घेतल्यासारखं वाटलं. म्हणाला, "मॅडम, ब्रोशर कोणी वाचत नाही. तुम्ही व्हाइट पेपर काढा." व्हाइट पेपर म्हणजे श्वेतपत्रिका, आणि तो शब्द ऐकला की आपल्याला २०१२ ची सिंचनाची श्वेतपत्रिका आठवते. सरकारने एखाद्या विषयाची खरी परिस्थिती आकड्यांसह लोकांपुढे ठेवायची, हा त्याचा मूळ अर्थ. कंपन्यांनी तो शब्द उचलला तोही त्याच विश्वासासाठी. सहा ते दहा पानं, ग्राहकाची एकच अडचण, तिची कारणं, मोजमापाची पद्धत, उपाय, आणि अगदी शेवटी कंपनीचं नाव. वाचणाऱ्याने आपलं नाव, कंपनी आणि फोन नंबर भरला की पीडीएफ उघडते. ती नोंद म्हणजे लीड, संभाव्य ग्राहक.

कल्पना चांगली आहे, आजही मी तेच म्हणेन. लाखो रुपयांचं काम देणारा प्लांट मॅनेजर जाहिरात पाहून ऑर्डर देत नाही. त्याला वरच्या साहेबांना दाखवायला आकडे लागतात, आणि ते आकडे व्यवस्थित लिहून देणाऱ्याला तो आधी फोन करतो. हे मला पटलं म्हणूनच मी फसले.

पॅकेज २ लाख ७० हजारांचं पहिल्या टप्प्यासाठी आणि ९० हजारांचं शेवटच्या टप्प्यासाठी, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सगळे मिळून ४ लाख २४ हजार ८०० रुपये. त्यात पेपर लिहिणं, डिझाइन, वेब पेज आणि तीन महिन्यांत २०० लीड. "गॅरंटीड," असं करारातच लिहिलं होतं. निम्मे पैसे आगाऊ गेले. कागद किती जण वाचतील हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. जो आकड्याची हमी देतो, त्याला तो आकडा कुठून तरी भरून काढावाच लागतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

मी त्यांना तीन वेळा म्हटलं, "आमच्याकडे रीडिंगच्या वह्या आहेत, कोणीतरी येऊन बघा, किंवा मी फोटो पाठवते." प्रत्येक वेळी उत्तर एकच: "आमची रिसर्च टीम आहे, तुम्ही काळजी करू नका." कोणीही शिरोलीला आलं नाही. दादाशी कोणी दहा मिनिटंही बोललं नाही. मला वाटलं, मोठ्या शहरातली माणसं आहेत, त्यांची पद्धत असेल. जो माणूस तुमच्या नावाने तांत्रिक कागद लिहिणार आहे आणि तुमच्या कामाचा एकही आकडा मागत नाही, तो लिहिणार कुठून? हा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर बाकीचं काहीच घडलं नसतं.

दोन आठवड्यांत आठ पानं आली. देखणी होती. इंग्रजी सफाईदार, आकृत्या सुबक. दादाने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "यात प्रेशर पीएसआयमध्ये आहे, हवा सीएफएममध्ये आहे. मापं वेगळी आहेत, ते चालेल. पण विजेचा दर बघ. आपल्या फाउंड्र्यांना पडतो त्याच्या निम्मासुद्धा नाही." मी विचारलं. एजन्सीने सांगितलं, पेपर जागतिक वाचकांसाठी आहे. सहाव्या पानावर 'पश्चिम भारतातील एक मध्यम फाउंड्री' अशी चौकट होती आणि तिथे आम्ही ३४ टक्के वीज वाचवल्याचं लिहिलं होतं. असं काम आम्ही कधीच केलेलं नाही. मला वाटलं, हा नमुन्याचा आकडा आहे, नंतर बदलतील. त्यांनी घाई लावली होती, महिनाअखेर होती, आणि मी ईमेलवर एक शब्द लिहून पाठवला: अप्रूव्ड. पुढे प्रत्येक भांडणात तो शब्द त्यांनी माझ्यापुढे धरला.

पेपर प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात तीन लीड आले. मग एका सकाळी उठले तर एक्सेलमध्ये एकसष्ट नवी नावं. पर्चेस मॅनेजर, मेंटेनन्स हेड, व्हाइस प्रेसिडेंट. कोइंबतूर, राजकोट, फरीदाबाद, जमशेदपूर. मी दादाला हाक मारून ती यादी दाखवली. त्याच आनंदात दुसरा हप्ता भरला. आता एकूण ३ लाख १८ हजार ६०० रुपये गेले होते.

मग मी फोन करायला बसले. पहिले पाच नंबर अस्तित्वातच नव्हते. सहाव्याने सांगितलं, मी असं काही डाउनलोड केलेलं नाही. कोइंबतूरच्या एका पंप कारखान्यातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, मला असा फोन करणाऱ्या तुम्ही चौथ्या. आधीच्यांना काय काय विकायचं होतं, आता आठवतही नाही. माझं नाव कोणीतरी वापरतंय." तीन दिवसांत मी चव्वेचाळीस फोन केले. आमचा पेपर खरोखर पाहिलेले दोनच निघाले, आणि ते दोघेही पहिल्या आठवड्यातल्या तिघांपैकी होते.

रात्री दादाच्या मुलाने तीच एक्सेल उघडली. त्यात वेळेचा रकाना होता, मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. एकसष्ट फॉर्म पहाटे दोन ते साडेतीनच्या दरम्यान भरलेले, साधारण दीड-दीड मिनिटाच्या अंतराने. देशभरातले मेंटेनन्स हेड त्या वेळी रांगेत उभे राहून हवेच्या गळतीवर वाचत बसले नसणार. त्याने ईमेलचे पत्तेही तपासले. कित्येक पत्त्यांच्या शेवटी असलेली डोमेन नावं आमचा करार झाल्यानंतरच नोंदवलेली होती. हूइज नावाच्या सोयीवर डोमेन कधी नोंदवलं ते कोणालाही फुकट बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. सर्व्हरवरची मूळ नोंद मागितली तर एजन्सीने दिली नाही. वेब पेज त्यांच्या डोमेनवर होतं, त्यामुळे आमच्या हातात काहीच नव्हतं. असं पेज स्वतःच्याच वेबसाइटवर ठेवा आणि फॉर्मची नोंद थेट तुमच्याकडे येऊ दे. हे मी आता प्रत्येकाला सांगते.

पैशांचं दुःख इथपर्यंतच होतं. खरा घाव नंतर बसला.

आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या प्लांटवर एक एनर्जी ऑडिटर, म्हणजे विजेचा वापर तपासणारे तज्ज्ञ, काम करतात. आम्हाला अनेक कामं त्यांच्याच शब्दावर मिळाली. त्यांचा फोन आला. "ताई, तुमचा पेपर वाचला. चौथ्या पानावरची आकृती मी ओळखतो. ती तुमची नाही." मी पेपरमधलं एक लांब वाक्य अवतरण चिन्हांत टाकून गुगलवर शोधलं. एका परदेशी कॉम्प्रेसर कंपनीचा जुना पेपर समोर आला. परिच्छेदच्या परिच्छेद तसेच उचललेले. विजेचा दर निम्मा का होता ते तेव्हा कळलं: तिथल्या दराचं जुन्या विनिमय दराने रूपांतर केलेलं होतं. पीडीएफच्या माहितीत शिरून पाहिलं तर फाइल तयार केल्याची तारीख आमच्या पहिल्या फोनच्याही आधीची. एकच साचा एजन्सीवाले नाव बदलून विकत होते.

मी ऑडिटरना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मला तुमच्यावर संशय नाही. पण ३४ टक्क्यांचा आकडा तुमच्या नावाखाली आहे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा वर्षं दादाने ज्या ठिकाणी ११ टक्के वाचले तिथे ११ च लिहिले, कधी ते १२ केले नाहीत. आणि मी एका शब्दाने ३४ वर सही केली होती.

पेपर त्याच दिवशी उतरवायला लावला. त्या परदेशी कंपनीला आम्हीच आधी पत्र लिहिलं, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. त्यांनी समजून घेतलं. पण कराराचा कागद वकिलांना दाखवला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मंजुरीनंतर मजकुराची सगळी जबाबदारी आमची, असं कलम त्यात होतं. कॉपीराइट आमच्याकडे येईल असं मात्र कुठेच नव्हतं. कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून मजकूर लिहून घेतला तर हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो, तो लेखी स्वरूपात, सहीनिशी आपल्याकडे घ्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरतात. म्हणजे मजकूर अस्सल असता तरीसुद्धा आम्ही त्याचे मालक नव्हतो, फक्त जबाबदार होतो.

उरलेले १ लाख ६ हजार २०० आम्ही थांबवले. मग एजन्सीने दम दिला: "आम्हीही उद्यम नोंदणीचे, म्हणजे सरकारदरबारी लहान उद्योग आहोत, ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर थकबाकीच्या तक्रारींच्या समाधान पोर्टलवर तक्रार करू, बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागेल." कायदा तसा आहे, आणि लहान उद्योगाला तो मोठा आधार आहे. आम्ही स्वतः तो वापरलेला आहे, म्हणूनच जास्त लागलं. आमचे सीए म्हणाले, घाबरू नका, पण तोंडी भांडू नका. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. पेपरच्या बाबतीत ती मुदत मी हुकवली होती. लीडच्या यादीबाबत मी फोननंतर लगेच सविस्तर ईमेल केला होता, तो कामी आला.

सीएंनीच जीएसटीचाही उलगडा केला. आमच्या २बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी यादीत, एजन्सीचं एकही बिल दिसत नव्हतं. जीएसटी पोर्टलवर त्यांचा क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. आमच्याकडून घेतलेले ४८ हजार ६०० रुपये सरकारकडे गेलेच नाहीत आणि आम्हाला त्याचं क्रेडिटही, म्हणजे आमच्या करातली वजावटही, नाही. क्रमांक पोर्टलवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. मी आगाऊ रक्कम भरण्याआधी तो टाकला नाही.

ग्राहक मंचाचा विचार केला. सेवा धंद्यासाठी घेतलेली, त्यामुळे तिथे टिकणं कठीण, असं वकिलांनी सांगितलं. पोलीस ठाण्यात आधी उत्तर मिळालं, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा. त्यांचंही अगदी चूक नव्हतं. फसवणुकीचं कलम म्हणजे पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८: त्यात फसवायचा हेतू अगदी सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं. एकट्या आमच्या कागदांवरून ते काम बिघडलं एवढंच दिसत होतं.

म्हणून मी कोइंबतूरच्या त्या गृहस्थांना पुन्हा फोन केला. त्यांना आधी फोन करणाऱ्या तिघांपैकी एकाचा नंबर त्यांच्याकडे होता. राजकोटचे एक बेअरिंग विक्रेते. त्यांच्याही हातात पेपर होता, विषय वंगणाचा, आणि चौकटीत तोच ३४ चा आकडा. त्यांच्या आणि आमच्या यादीतली एकोणीस नावं जशीच्या तशी सारखी निघाली, चुकीच्या स्पेलिंगसकट. दोन्ही याद्या शेजारी ठेवून आम्ही नवा अर्ज दिला, तेव्हा तो पोलिसांच्या सायबर शाखेने घेतला. पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्यापैकी कोणी असं पॅकेज घेतलं असेल तर एवढं करा. पीडीएफमधली चौकट बघा, यादीतला वेळेचा रकाना बघा, आणि यादीतल्या वीस जणांना स्वतः फोन करा. त्यातलं कोणी 'तुम्ही पाचवे' म्हणालं तर आधीच्या चौघांचे नंबर मागून घ्या, आणि अर्ज द्यायला एकट्याने जाऊ नका.