अडीच लिटरची पिकअप, आठ महिने आणि एक जळलेली क्लच प्लेट

वास आला तेव्हा मी दादरच्या टिळक पुलाच्या चढावर होतो. हौद्यात पाइप, कनाती, गाद्या मिळून बाराशे किलो माल आणि पुढे न हलणारी रांग. वास ओळखीचा होता. आधीच्या दीड लिटर इंजिनाच्या गाडीची क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरकडे नेणारी चकती, चार वर्षांत दोनदा बदलली होती. त्या वासाला कंटाळूनच ती विकली आणि दसऱ्याला अडीच लिटरची घेतली. मोठं इंजिन मी वेगासाठी घेतलंच नव्हतं, क्लच वाचवायला घेतलं होतं. आठव्या महिन्यात क्लच प्लेटच गेली.

पासिंग किती, म्हणजे किती माल भरायची परवानगी, हौदा किती फुटी, हे सगळ्यांना पाठ आहे. ते लिहीत नाही.

सुरुवातीचे सहा महिने मात्र मी या गाडीवर फिदा होतो. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की भरलेली गाडी रेस न देता आपसूक रांगायची. छोट्या टर्बो इंजिनाला हे जमत नाही. टर्बोला हवा मिळेपर्यंत, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला साधारण दीड हजार फेरे (आरपीएम) होईपर्यंत, त्याच्यात जीव नसतो, मग रेस वाढवून हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी उचलावी लागते आणि प्लेट घासते. मुंबईत हा खेळ दर वीस फुटांवर. रुळांवरचा सायनचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, प्रभादेवीचा सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि सगळी गर्दी टिळक पुलावर आणि करी रोडला आली. आमचं मंडपाच्या सामानाचं गोडाऊन परळला. मंडप माहीमला असो की माटुंगा पश्चिमेला, रूळ ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता डिझेलचं बोलतो, कारण माझं डोकं तिथेच अडकलंय. जुनी लिटरला पंधरा द्यायची, ही बारा देते. महिन्याला अठराशे किलोमीटर धरा. जुनीला १२० लिटर, हिला १५०. नव्वदच्या भावाने महिन्याला २,७०० रुपये जास्त, आठ महिन्यांचे २१,६०० रुपये. नव्या क्लच सेटचं बिल झालं १४,२००. म्हणजे चौदा हजारांची वस्तू वाचवायला मी साडेएकवीस हजारांचं डिझेल जाळलं आणि वस्तूही जाळली. बायकोने हा हिशेब पाहिला आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

सर्व्हिस सेंटरवर तासभर भांडलो. "सर, क्लच प्लेट घासणारा पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही," हे एकच वाक्य मॅनेजर तीन सुरांत म्हणाला. चहा मात्र दोनदा पाजला.

इथपर्यंत लिहून आमच्या ड्रायव्हरला, सगळे त्याला मामा म्हणतात, वाचून दाखवलं. तो गावाला जत्रेला गेला होता म्हणून त्या आठवड्यात गाडी माझ्या हातात होती. तो म्हणाला, "शेठ, चढावर हँडब्रेक ओढला होता का?" नव्हता. गाडी मागे सरकू नये म्हणून मी ती क्लचवरच तोलून धरली होती, पंधरा-वीस मिनिटं. "मग इंजिन दीडचं असो नाय तर पाचचं," तो म्हणाला, "प्लेट जळणारच की." तेव्हा वरचा राग निम्मा खोडावा लागेल. खोडत नाही, राहू दे.

शिवडीच्या मेकॅनिकने आणखी एक गोष्ट डोक्यात घातली. चाकापर्यंत जोर पोहोचतो तो गिअर आणि डिफरन्शियलच्या (चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांच्या) रेशोतून. छोट्या इंजिनाला आखूड गिअरिंग, म्हणजे वेग कमी पण जोर जास्त देणारं, दिलं तर तेही भार उचलतं. शिवाय आता लिटर पाहून टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, ओळखता येत नाही; तो एनएममध्ये मोजतात. भाच्याला हौसेची पिकअप घ्यायचीय, तो रोज आकडे ऐकवतो. इसुझू व्ही-क्रॉसचं जुनं अडीच लिटरचं इंजिन ३२० एनएम द्यायचं, नंतरचं १.९ लिटरचं ३६० देतं. टोयोटा हायलक्सचं २.८ लिटरचं मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० एनएम. अमेरिकेतल्या टोयोटा टॅकोमा पिकअपनेही २०२४ च्या मॉडेलला साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स काढून २.४ लिटरचं टर्बो बसवलं. भाच्याला म्हटलं, बाबा रे, गाडी सव्वापाच मीटरच्या वर लांब आहे, आधी सोसायटीत टेप घेऊन उतर.

मोठ्या इंजिनाचं खरं सुख मला दोनदाच मिळालं, दोन्ही वेळा कोकणातून, खेडच्या पलीकडून आंब्याच्या पेट्या आणताना. भोस्ते घाटात जुनी दुसऱ्या गिअरमध्ये रडायची, ही तिसऱ्यात चढली. कशेडीचं मात्र हसू आलं. ज्या घाटाच्या धास्तीने मी मोठं इंजिन, मोठं इंजिन करत होतो, तिथे आता बोगदा आहे.

आठवड्याला घाट चढणाऱ्याने आणि नेहमी भरून नेणाऱ्याने मोठं इंजिन घ्यावं. परळ ते माहीम गाद्या नेणाऱ्याला दीड लिटर पुरतं. मला पुरत होतं, हे आता कळतंय. जुनी गाडी कळव्याच्या एका मंडपवाल्याने घेतलीय. परवा त्याला सहज फोन करून क्लचचं विचारलं. "एकदम मक्खन," म्हणाला.

ही विकणार नाही, एवढ्यात तोटा फार होईल. हँडब्रेकची केबल आवळून घेतली, आणि मामा आता जत्रेला जाताना चावी सोबत नेतो.