केबिन बॅग की चेक-इन बॅग?

भाचीला नव्या नोकरीत महिन्याला तीन-चार दौरे आहेत. सामान सोबत ठेवू की चेक-इन करू, असं विचारत होती.

आधी वेळेचं बघू. चेक-इन म्हणजे जाताना काउंटरवर रांग आणि उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळणं. केबिन बॅग असली की थेट बाहेर. शिवाय बॅग मागे राहण्याची धास्ती नाही. माझी एकदा राहिली आणि सकाळच्या मीटिंगला आदल्या दिवशीच्या चुरगळलेल्या शर्टावर बसावं लागलं. तेव्हापासून इस्त्रीचा एक शर्ट कायम हातातल्या बॅगेत असतो.

वजनात मात्र केबिन बॅग अडवते. बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा ७ किलोच्या आसपास, त्यात रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलोंची. अनेक विमानतळांवर द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरचं बंधन. चेक-इनमध्ये हा जाच नाही, पण पॉवर बँक तिथे चालत नाही, ती जवळच ठेवायची.

दोन-तीन रात्रींसाठी केबिन बॅगच घे. आठवडाभराचा मुक्काम किंवा सोबत अवजारं, नमुने असतील तर चेक-इन. औषधं, लॅपटॉप आणि कपड्यांचा एक जोड तेव्हाही हातातच.